अर्धवट कोड सोडून उठण्याची आणि पुन्हा हाती घेण्याची पद्धत

दोन प्रोग्रामर चहाला भेटले की बोलणे एडिटरच्या रंगसंगतीपासून सुरू होते आणि पाठदुखी, रात्रीचे कॉल, हिंजवडीची वाहतूक असे करत पुढे सरकते. त्यात एक वाक्य हमखास येते: ‘‘काल कुठपर्यंत आलो होतो, तेच सकाळी आठवेना.’’ एकाग्रता कशी साधावी याचे सल्ले पुष्कळ मिळतात; पण ज्याच्या दिवसात सकाळचा स्टँडअप (संघाची छोटी बैठक), मध्येच उपटलेला तातडीचा बग (कोडमधील चूक), मुलाला शाळेतून आणण्याची पाळी आणि रात्री साडेनऊचा कॉल असतो, त्याने सलग चार तास मिळणार नाहीत हे गृहीत धरूनच कामाची आखणी केली पाहिजे. म्हणून प्रोग्रामरने इतर कोणत्याही सवयीच्या आधी, काम अर्धे झालेले असताना नीट उठायला शिकावे असे माझे ठाम मत आहे. ही सवय एकदा लागली की व्यत्यय थांबत नाहीत, पण त्यांची किंमत बरीच कमी होते.

उठल्यावर नेमके काय हरवते, हे आधी समजून घ्यावे. कोड हरवत नाही. फाइल सेव्ह केलेली असते आणि बहुतेक एडिटर वीज गेल्यावरही न साठवलेला मजकूर परत आणून देतात. हरवते ते डोक्यात तयार झालेले चित्र. आपण कोणत्या संशयाचा पाठपुरावा करत होतो, कोणत्या शक्यता तपासून बाजूला ठेवल्या होत्या, कोणती ओळ केवळ पाहण्यापुरती बदलली होती आणि ती परत जागच्या जागी आणायची होती, यांपैकी काहीही फाइलमध्ये उमटलेले नसते. पुढील सर्व पद्धत हे चित्र उतरवून ठेवण्यासाठी आहे.

सबंध लेखभर एकच उदाहरण घेऊ. समजा, बिले तयार करणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचा जीएसटी क्रमांक नोंदवण्याची आणि तो तपासण्याची सोय तुम्हाला करायची आहे. या क्रमांकात १५ अक्षरे असतात. पहिले दोन अंक राज्याचा संकेतांक असतात, जसे महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. तेरावे अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात असलेल्या नोंदणीचा क्रम दाखवते. चौदावे सहसा ‘झेड’ असते आणि पंधरावे हे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले तपासणीचे अक्षर असते. काम दोन-तीन दिवसांचे आहे, म्हणजे त्यात अनेकदा उठावे लागणार हे निश्चित.

कामाचे तुकडे पाडताना

नीट उठता येणे हे बरेचसे बसतानाच ठरते. ‘जीएसटी क्रमांकाची सोय करणे’ हे एकच काम म्हणून हाती घेतले, तर ते पूर्ण होईपर्यंत मध्ये कुठेही थांबण्याची जागा नसते. डेटाबेस, फॉर्म, तपासणी आणि बिलाचा छापील नमुना हे सर्व एकाच वेळी उघडे पडते. त्याऐवजी असे तुकडे पाडावेत की प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कोड चालतो आहे, जुन्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) उत्तीर्ण होत आहेत आणि वापरणाऱ्याला काहीही मोडलेले दिसत नाही. आधी डेटाबेसच्या तक्त्यात रिकामे राहू शकणारा नवा रकाना जोडावा. मग तपासणीचे फंक्शन स्वतंत्रपणे, त्याच्या टेस्टसह लिहावे. ते अजून कोणीही वापरत नसल्यामुळे ते अर्धे असले तरी कोणाचे बिघडत नाही. त्यानंतर ते फॉर्मला जोडावे, जुन्या ग्राहकांचे क्रमांक भरून घ्यावेत आणि सर्वांत शेवटी, ज्या ग्राहकांसाठी गरज आहे त्यांच्यासाठी तो रकाना अनिवार्य करावा.

या क्रमामागे एक कारण आहे. रकाना पहिल्याच दिवशी अनिवार्य केला, तर जुन्या नोंदींमध्ये तो रिकामा असल्यामुळे काम सुरू होताक्षणीच अडते, आणि ती अडचण सुटेपर्यंत उठता येत नाही. जे पाऊल परत घेणे अवघड आहे ते शेवटी टाकावे, एवढा एकच निकष लावला तरी तुकड्यांचा क्रम बहुधा आपोआप लागतो.

तुकडा किती मोठा असावा याचे ठरावीक माप नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या पोमोदोरो पद्धतीत २५ मिनिटे काम आणि नंतर छोटी विश्रांती असा हिशेब आहे, आणि पुष्कळांना तो मानवतो. माझा अनुभव असा की नव्या कोडसाठी ही वेळ पुरते, पण कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड समजून घेताना २५ मिनिटांनी गजर वाजला तर तो मदतीपेक्षा त्रासच अधिक देतो. म्हणून घड्याळापेक्षा कोडची चालू अवस्था हीच सीमा मानावी. घड्याळ डोळे आणि पाठ यांच्यासाठी वापरावे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला पाळायला खिडकी पुरते.

उठण्यापूर्वीची पाच मिनिटे

कॉल सातला असेल तर सहा पंचावन्नला हात थांबवावेत, आणि ही पाच मिनिटे कोड लिहिण्यासाठी वापरू नयेत. ‘एवढी एक ओळ करून उठतो’ हा मोह प्रत्येकाला होतो आणि बहुधा त्याच ओळीत चूक राहते. या पाच मिनिटांत फक्त टिपण लिहावे.

आपल्या उदाहरणात तपासणीच्या अक्षराचे गणित असे असते: प्रत्येक अक्षराला शून्य ते पस्तीस यांमधील एक किंमत द्यायची, तिला आळीपाळीने एक आणि दोनने गुणायचे, आलेल्या गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची आणि अशा सर्व बेरजांवरून शेवटचे अक्षर ठरवायचे. समजा, तुमचे फंक्शन खऱ्या क्रमांकांवर चूक उत्तर देते आहे आणि तेवढ्यात उठावे लागते आहे. अशा वेळी टिपण साधारण पुढीलप्रमाणे असावे:

‘‘झाले: लांबी, राज्याचा संकेतांक आणि पॅनचा साचा तपासला जातो, तिन्हींच्या टेस्ट उत्तीर्ण. चालू: पंधरावे अक्षर खऱ्या क्रमांकांवर चुकते, नुसते अंक देऊन पाहिले तर कधीच चुकत नाही. नाकारले: स्मॉल-कॅपिटलचा घोळ नाही, अक्षरे आधीच कॅपिटल होतात, एक-दोनचा क्रमही बरोबर आहे, कागदावर मोजून पाहिला. संशय: गुणाकार ३५ च्या पुढे गेला की भागाकार गळतो आहे, फक्त बाकी धरली जाते. पुढे: चुकणारा एक क्रमांक घेऊन प्रत्येक अक्षराचा भागाकार आणि बाकी छापून पाहणे. तात्पुरते: फॉर्ममधील तपासणी बंद ठेवली आहे, ती चालू करणे.’’

हे लिहायला तीन मिनिटे पुरतात. यातील ‘नाकारले’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच बहुतेकांच्या टिपणात नसतो. झालेले काम कोडमध्ये दिसते, चालू काम टेस्टमध्ये दिसते, परंतु ज्या वाटेने जाऊन आपण परत आलो ती वाट कुठेच दिसत नाही. ती लिहिली नाही तर दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने माणूस त्याच वाटेने पुन्हा जातो आणि अर्धा तास खर्च करून त्याच ठिकाणी परत येतो.

‘पुढे’ या भागात ध्येय लिहू नये, हाताने करण्याची कृती लिहावी. ‘तपासणी दुरुस्त करणे’ असे लिहिले तर सकाळी पुन्हा विचारापासून सुरुवात करावी लागते. ‘अमुक क्रमांक घेऊन प्रत्येक पायरी छापून पाहणे’ असे लिहिले तर अर्धवट जागे असतानाही हात कामाला लागतात आणि मागोमाग डोके येते. ‘तात्पुरते’ या भागाची उपयुक्तता सांगायला नकोच. पाहण्यापुरती बंद केलेली तपासणी तशीच पुढे गेली, तर चुकीचे जीएसटी क्रमांक बिलांवर छापले जातील आणि ग्राहकाला कराची वजावट मिळवताना त्याचा त्रास होईल.

टिपण कुठे लिहावे? चिकटपट्टीचा कागद मॉनिटरवर लावणे सोपे वाटते, परंतु अनेक कार्यालयांत आता रोजची जागा ठरलेली नसते आणि जे दिवस घरून काम असते त्या दिवशी तो कागद कार्यालयात राहतो. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप पाठवण्याची सवयही टाळावी, कारण त्यातून ग्राहकाच्या कामाचा तपशील खासगी फोनमध्ये जातो. प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच एक साधी मजकुराची फाइल ठेवावी आणि तिचे नाव ‘.गिट’ फोल्डरमधील ‘इन्फो’च्या आतल्या ‘एक्सक्लूड’ फाइलमध्ये लिहावे. असे केले की गिट, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास सांभाळणारे साधन, त्या फाइलकडे दुर्लक्ष करते आणि सर्वांच्या सामायिक ‘गिटइग्नोर’मध्ये आपल्या खासगी सवयीची नोंदही होत नाही. काही जण टिपण कमिटच्या (गिटमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदीच्या) संदेशातच लिहितात. तेही चांगले, किंबहुना दुसऱ्या यंत्रावरून काम करणाऱ्याला तेच अधिक सोयीचे.

गिटमध्ये काय ठेवून उठावे

अर्धवट बदल असताना उठायचे म्हटले की पुष्कळांचा हात ‘गिट स्टॅश’कडे, म्हणजे बदल तात्पुरते बाजूला ठेवण्याच्या सोयीकडे, जातो. पाच मिनिटांसाठी ब्रांच (कोडची स्वतंत्र शाखा) बदलायची असेल तर ते ठीक आहे, पण रात्रभरासाठी स्टॅशवर विसंबू नये, आणि याची कारणे स्पष्ट आहेत. स्टॅश आपल्या यंत्रावरच राहतो, त्यामुळे लॅपटॉप बिघडला की तोही जातो. गिटला अजून माहीत नसलेल्या नव्या फाइली ‘-यू’ हा पर्याय दिल्याशिवाय त्यात जात नाहीत, म्हणजे तपासणीच्या फंक्शनची नवी फाइल नेमकी बाहेर राहते. शिवाय आपण स्वतः नाव दिले नाही तर स्टॅशच्या यादीत मागील कमिटच्या नावाच्या सारख्याच दिसणाऱ्या ओळी जमत जातात, आणि महिन्याभरानंतर त्यांतील कोणती कशाची हे कोणालाच सांगता येत नाही.

त्यापेक्षा आपल्या स्वतःच्या ब्रांचवर अर्धवट कामाचा कमिट करावा आणि तो पुश करून (सामायिक सर्व्हरवर पाठवून) ठेवावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले ते लिनक्स कर्नलवर एकाच वेळी काम करणाऱ्या असंख्य लोकांसाठी, आणि त्याच्या रचनेत ब्रांच ही अतिशय स्वस्त गोष्ट आहे: ती मूलतः एका कमिटचा चाळीस अक्षरी संकेत धरून ठेवणारी नोंद असते. तेव्हा ब्रांच काढण्यात आणि कमिट करण्यात काटकसर करण्याचे कारण नाही. संदेशाच्या सुरुवातीला ‘अर्धवट’ असा स्पष्ट शब्द लिहावा. सकाळी बसल्यावर ‘गिट रीसेट --सॉफ्ट हेड~१’ ही आज्ञा दिली की कमिट मोडतो आणि त्यातील सर्व बदल जसेच्या तसे हाती राहतात. किंवा पुढे रिव्ह्यूला (सहकाऱ्यांच्या तपासणीला) देण्यापूर्वी ‘रीबेस’ करताना, म्हणजे कमिट नव्याने मांडताना, असे अर्धवट कमिट एकत्र करता येतात. कमिट पुश झाला नसेल आणि चुकून मोडला गेला, तरी ‘रीफ्लॉग’ या आपल्या यंत्रावरील गिटच्या नोंदवहीत त्याची नोंद राहते, ज्या कमिटकडे आता कोणतीही ब्रांच पोहोचत नाही, त्याची नोंद गिट मूळ सेटिंगनुसार ३० दिवस सांभाळते. मात्र जे कधी कमिटच झाले नाही ते रीफ्लॉगही परत देऊ शकत नाही, आणि कमिट करून उठण्याच्या बाजूने हे सर्वांत मोठे कारण आहे.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. घाईने ‘सर्व फाइली जोडा’ असे म्हणून कमिट करताना पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली (दुसरी सेवा वापरण्याचा गुप्त संकेत) असलेली फाइल आत जाण्याचा धोका असतो. म्हणून ‘गिट स्टेटस’ पाहून नव्या फाइली एकेक करून जोडाव्यात, जुन्या फाइलींतील बदल ‘गिट अ‍ॅड -पी’ने तुकड्यातुकड्याने पाहून घ्यावेत आणि मगच पुश करावे. तरीही किल्ली बाहेर गेलीच, तर कमिट पुसून टाकणे पुरेसे नाही. ती कोणी पाहिली नसेल या भरवशावर न राहता ताबडतोब रद्द करून नवी घ्यावी आणि संघाला तसे सांगावे. काही ठिकाणी प्रत्येक पुशवर टेस्टची सगळी साखळी चालते. तेथे अर्धवट कमिट त्यातून कसे वगळायचे हे संघात एकदाच ठरवून घ्यावे.

मध्येच तातडीचा बग आला आणि दुसऱ्या ब्रांचवर जावे लागले, तर ‘गिट वर्कट्री अ‍ॅड’ वापरावे. २०१५ च्या २.५ या आवृत्तीपासून ही सोय आहे, पण रोजच्या वापरात ती फारच कमी दिसते, याचे मला वाईट वाटते. तिच्यामुळे त्याच रिपॉझिटरीची (गिटमधील प्रकल्पाची) दुसरी ब्रांच शेजारच्या फोल्डरमध्ये उघडते. आपले अर्धवट काम, उघड्या फाइली, चालू असलेला सर्व्हर, कशालाही हात न लावता बग दुरुस्त करून परत येता येते.

टेस्टचाही खूण म्हणून चांगला उपयोग होतो. टेस्ट आधी लिहिण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते केंट बेक यांचा सल्ला असा आहे की एकट्याने काम करताना शेवटची टेस्ट नापास अवस्थेत ठेवून उठावे, आणि संघात काम करताना मात्र सर्व टेस्ट उत्तीर्ण करूनच कोड सामायिक करावा. दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. आपल्या उदाहरणात, ज्या क्रमांकावर पंधरावे अक्षर चुकते तो घेऊन एक टेस्ट लिहावी आणि ती आपल्या ब्रांचवर नापास राहू द्यावी. सकाळी टेस्ट चालवताच कोठून सुरुवात करायची ते पडद्यावर लाल अक्षरांत दिसते. तीच टेस्ट मुख्य ब्रांचवर गेली तर मात्र इतर सर्वांचे काम अडेल.

जे कधीही उघडे ठेवून जाऊ नये

कोड अर्धवट राहिला तर फक्त आपलाच वेळ जातो. काही गोष्टी मात्र अर्धवट राहिल्या तर इतरांचे नुकसान होते. यांत पहिला क्रमांक डेटाबेसमधील उघड्या ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या अर्धवट गटाचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू करून तक्त्यात रकाना जोडण्याची आज्ञा दिली आणि कमिट न करताच माणूस जेवायला गेला, तर त्या तक्त्यावर सर्वांत कडक कुलूप लागलेले राहते आणि तोपर्यंत त्या तक्त्यातून साधे वाचनही कोणाला करता येत नाही. सामायिक टेस्ट डेटाबेसवर असे घडले की दहा जणांचे काम थांबते आणि कारण सापडायला वेळ लागतो, कारण ज्याने कुलूप लावले तो कँटीनमध्ये असतो. पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीपासून अशी रिकामी ताटकळणारी ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडण्याचे सेटिंग उपलब्ध आहे. ते मूळ अवस्थेत बंद असते, म्हणून सामायिक डेटाबेस सांभाळणाऱ्याने ते आवर्जून चालू करावे.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांनी दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे तक्त्याची रचना बदलणारी आज्ञा दिली की आधीचे ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होते, त्यामुळे तीन पायऱ्यांचे मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलण्याचे काम) दुसऱ्या पायरीवर थांबले तर पहिली पायरी मागे फिरवली जात नाही. तेव्हा मायग्रेशन सुरू केले की पूर्ण करूनच उठावे, किंवा कॉलला दहा मिनिटे राहिली असताना ते सुरूच करू नये. तपासणीसाठी घेतलेली भाड्याची क्लाउड यंत्रे, स्वतःला तात्पुरते दिलेले वाढीव अधिकार आणि लांबच्या सर्व्हरवर चालू ठेवलेले दीर्घ काम यांचीही उठताना आठवण ठेवावी. शेवटचे काम साध्या टर्मिनलऐवजी ‘टीमक्स’मध्ये चालवले, तर घरचे इंटरनेट गेल्यावरही ते मध्येच तुटत नाही, पावसाळ्यात घरून काम करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये.

दिवसाच्या घड्याळाशी मेळ

भारतात बसून परदेशातील संघाबरोबर काम करणाऱ्याचा दिवस दोन देशांच्या घड्याळांवर चालतो. कॅलिफोर्नियातील सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपात मात्र हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. त्यामुळे मार्चमधील दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एखादा आठवडा असा असतो की लंडन, न्यूयॉर्क आणि पुणे यांची नेहमीची गणिते जमत नाहीत. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये मांडून ठेवाव्यात आणि कॉलची वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधलेली आहे हे प्रत्येक निमंत्रणात स्पष्ट असू द्यावे.

रात्रीचा कॉल असेल त्या दिवशी संध्याकाळी काम पूर्ण आवरून, टिपण लिहून, लॅपटॉप मिटावा, वेळेवर जेवावे आणि कॉलसाठी पुन्हा उघडावा. संध्याकाळपासून कॉलपर्यंत अर्धवट लक्षाने कोड उघडा ठेवणे ही सर्वांत वाईट तडजोड आहे. त्यात कामही होत नाही आणि घरच्यांशी बोलणेही होत नाही. कॉल संपल्यावर ठरलेल्या गोष्टी तीन-चार वाक्यांत टिपणात जोडाव्यात आणि तेथेच थांबावे. कॉलमध्ये चर्चा होऊन एखादी गोष्ट स्पष्ट झाली की ती लगेच करून टाकावी असे वाटते, पण रात्री अकरानंतर लिहिलेला कोड सकाळी पुन्हा वाचावाच लागतो. तेव्हा तो सकाळीच लिहिलेला बरा.

सहकाऱ्याशी बोलताना

आपल्याला जसे उठावे लागते, तसे आपणही दुसऱ्याला उठवत असतो. चॅटवर नुसते ‘‘हाय, आहेस का?’’ असे लिहून थांबले की समोरचा माणूस हातातील काम सोडून उत्तर देतो आणि मग प्रश्न टाइप होईपर्यंत वाट पाहत बसतो. संपूर्ण प्रश्न एकाच संदेशात लिहावा: ‘‘दादा, जीएसटी तपासणीत पंधरावे अक्षर खऱ्या क्रमांकांवर चुकते आहे. स्मॉल-कॅपिटल आणि गुणकांचा क्रम तपासला, दोन्ही बरोबर आहेत. भागाकार गळतो आहे असा संशय आहे. तुमच्या जुन्या मॉड्यूलमध्ये हे गणित कोठे आहे? घाई नाही, दुपारपर्यंत सांगितले तरी चालेल.’’ संदेशाचा मजकूर आपल्या टिपणातूनच जवळजवळ जसाच्या तसा घेता येतो, हा टिपण लिहिण्याचा आणखी एक लाभ. शेवटचे वाक्यही औपचारिकता म्हणून लिहू नये. त्यामुळे समोरच्याला आपला तुकडा पूर्ण करून मग उत्तर देण्याची मोकळीक मिळते.

उलट, आपल्या टेबलाशी कोणी येऊन उभे राहिले तर ‘‘दोन मिनिटे दे, एवढे लिहून ठेवतो’’ असे सांगण्यात उद्धटपणा नाही. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना हे वाक्य उच्चारायला संकोच वाटतो, विशेषतः समोर वरिष्ठ असतील तर. म्हणून वरिष्ठांनीच ‘‘हातातले लिहून घे, मग ये’’ असे म्हणण्याची पद्धत पाडावी.

रजेवर जाताना हेच टिपण दुसऱ्यासाठी लिहायचे असते. गणपतीला कोकणात गावी जाणारा सहकारी निघण्याच्या दिवशी दुपारी चारला काम सोपवू लागला, तर घेणारा प्रश्नही विचारू शकत नाही. ते दोन दिवस आधी द्यावे आणि घेणाऱ्याने आपल्या देखत त्या टिपणाच्या आधारे कोड एकदा चालवून पाहावा. त्याला जेथे अडते तेथे टिपणात भर घालावी. गावी गेल्यावर आरतीच्या वेळी फोन यायचा नसेल, तर यासारखा दुसरा उपाय नाही.

पुन्हा बसताना

बसल्यावर मेल आणि चॅट यांच्या आधी टिपण उघडावे. ते वाचून झाले की ‘गिट स्टेटस’ आणि ‘गिट डिफ’ (नेमके काय बदलले याची यादी) पाहावे, टेस्ट चालवाव्यात आणि ‘पुढे’ या भागात लिहिलेली कृती लगेच करावी, मग ती कितीही किरकोळ वाटो. आपल्या उदाहरणात चुकणारा क्रमांक घेऊन प्रत्येक अक्षराचा भागाकार आणि बाकी छापली, की ज्या अक्षराचा गुणाकार ३५ च्या पुढे जातो तेथे भागाकार एक येतो आणि तो बेरजेत धरलेला नाही हे थेट दिसते. दुरुस्ती एका ओळीची आहे. नापास टेस्ट उत्तीर्ण होते, अर्धवट कमिटच्या जागी पूर्ण कमिट येतो आणि तात्पुरती बंद केलेली तपासणी पुन्हा चालू होते.

आठवडाभराच्या रजेनंतर बसत असाल, तर मुख्य ब्रांचवरील इतरांचे बदल लगेच आपल्या ब्रांचमध्ये ओढू नयेत. आधी आपला कोड जसा ठेवला होता तसाच चालवून पाहावा आणि तो अपेक्षेप्रमाणे वागतो याची खात्री करून मगच नवे बदल आणावेत. दोन्ही एकदम केले आणि टेस्ट पडल्या, तर दोष आपल्या अर्धवट कामाचा की इतरांच्या बदलांचा हे ठरवण्यातच सकाळ जाते.

टिपण नसेल, आठवत काहीच नसेल आणि काम दोन-तीन तासांचेच असेल, तर जुना अर्धवट कोड समजून घेण्याच्या खटपटीत न पडता तो बाजूच्या ब्रांचवर ठेवून नव्याने लिहावा. विचार एकदा झालेला असल्यामुळे दुसऱ्या वेळी हात वेगाने चालतो आणि कोडही बहुधा अधिक स्वच्छ उतरतो. काम त्याहून मोठे असेल तर मात्र अर्धा तास काढून आधी डिफ वाचावा आणि त्यावरून टिपण तयार करावे.

सुरुवात करणाऱ्याने हे सर्व एकदम अंगीकारण्याचा हट्ट धरू नये. पहिला आठवडा केवळ टिपण लिहावे, तेही फक्त दिवसाच्या शेवटी, आणि दुसऱ्या दिवशी ते वाचताना जो प्रश्न मनात आला त्याचे उत्तर त्यात का नव्हते हे पाहावे. ज्याला रोज ‘तात्पुरते’ बदल शोधावे लागतात त्याने तो भाग सर्वांत वर आणावा. ज्याचे काम मुख्यतः बग शोधण्याचे आहे त्याने ‘नाकारले’ला जास्त जागा द्यावी. अर्धवट कमिट आणि वर्कट्री ही पुढच्या आठवड्याची कामे आहेत.